खडूची रेघ

१९९६ च्या दसऱ्याला, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, कात्यायनीच्या टेकडीवरून उतरताना आमच्या गाडीचे ब्रेक गेले. गाडी आप्पा चालवत होते. शेजारी आई होती, मांडीवर प्रसादाचं ताट घेऊन. मी आणि माझा धाकटा भाऊ नंदू स्कूटरवर त्यांच्या मागे, तीसेक फुटांवर होतो.

गाडी दोन सीटची, उघडी, इंग्लिश बनावटीची, १९५७ सालची. रंग हिरवा, नाक लांब. बावड्याच्या ज्या इनामदारांची ती होती त्यांच्याकडे सगळे तिला ‘टोळ’ म्हणत. आप्पा तेव्हा एकवीस वर्षांचे फिटर होते आणि टोळाचं इंजिन तेच बघायचे. पुढे इनामदार गेले, गाडी वैरणीच्या खोपटात गेली आणि तिथे पंचवीस वर्षं कडब्याखाली राहिली. आप्पांच्या रिटायरमेंटनंतर इनामदारांच्या नातवाने निरोप धाडला, “मेस्त्री, घेऊन जावा. सीटा उंदरांनी खाल्ल्यात, बाकी हाय तशी हाय.” ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून टोळ आमच्या रविवार पेठेतल्या घरी आला आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन वर्षं खुलत, सुटत आणि पुन्हा जुळत राहिला.

आप्पांच्या रिटायरमेंटबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. ते उद्यमनगरातल्या एका कारखान्यात टूलरूमचे टर्नर होते. शेवटची दोन वर्षं त्यांना स्टोअरला बसवलं होतं. कारण लेखी दिलेलं होतं : उजव्या हाताला कंप. आप्पांनी तो कागद घडी घालून मायक्रोमीटरच्या डबीत ठेवला होता. टोळ का दुरुस्त करताय, असं कोणी विचारलं की ते म्हणत, “बसून काय करू?” पण डबी उघडताना दर वेळी तो कागद आधी बाहेर काढावा लागे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

नंदूचं म्हणणं होतं की नुसती दुरुस्ती नको, गाडी सुधारायची. पुढच्या चाकांचे जुने ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवायचे.

“आप्पा, त्या काळात रस्त्यावर बैलगाड्या होत्या. आता ट्रक हायत.”

“त्या काळात ड्रायव्हरं पण होती,” आप्पा म्हणाले. पण आठ दिवसांनी त्यांनीच आजच्या गाडीची डिस्क आणि टोळाचं जुनं हब शेजारी शेजारी ठेवून मापं घ्यायला सुरुवात केली. दोघांच्या मध्ये बसणारी पोलादी चकती घरच्या छोट्या लेथवर काढायची होती. माप एका थाउत हवं होतं, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आप्पा कोपर बरगडीला दाबून धरायचे, श्वास रोखायचे आणि मग हँडल फिरवायचे. नऊ चकत्या भंगारात गेल्या. दहावी मायक्रोमीटरमध्ये धरून त्यांनी माझ्यापुढे केली.

“वाच. माझा चष्मा कुठं गेलाय.”

चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. मी आकडा वाचला. बरोबर होता.

“मोठ्यांदा वाच. तुझी आई सैपाकघरात हाय.”

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि एका स्थानिक दैनिकात बातमीदार होते. गाडीच्या कामात माझ्याकडे कारकुनी होती. कोणता भाग कधी काढला, कुठे ठेवला, कधी बसवला, कोणी बसवला, हे सगळं मी वेळेसकट एका दोनशे पानी वहीत लिहीत असे. नंदू हसायचा. “अक्का, पंचनामा करालीस की काय गाडीचा?” आप्पा हसत नसत. पण त्यांचा भरवसा वहीवर नव्हता, खडूवर होता.

त्यांचा नियम चाळीस वर्षांचा होता. नट किंवा नळीचा जोड हाताने बसवला की त्यावर खडूची रेघ मारायची. पाना लावून पक्का आवळला की ती रेघ अंगठ्याने पुसायची. ज्याने आवळलं त्यानेच पुसायची. दुसऱ्याने रेघेला बोट लावायचं नाही. काम संपलं की गाडीभोवती एक फेरी. रेघ दिसली तर काम बाकी, नाही दिसली तर गाडी रस्त्यावर. “वही घरात ऱ्हाती. रेघ नटावर ऱ्हाती,” ते म्हणत.

अष्टमीच्या संध्याकाळी ब्रेकचं तेल भरून झालं. नंदू सीटवर बसून पेडल मारत होता, आप्पा पुढच्या डाव्या बाजूला पाटावर बसले होते. ते चाक काढलेलं होतं आणि गाडी तिथे लाकडी ठोकळ्यावर होती.

“मार. मार. धर.” आप्पा वाकले. “थांब. गळतंय.”

डाव्या नळीच्या जोडातून थेंब येत होता. त्यांनी जोड सोडला, आतली तांब्याची चकती काढली, डब्यातली नवी घातली आणि जोड बोटांनी आवळत आणला. मग नंदूला म्हणाले, “मघाचा पाना दे.”

नंदू तोवर उतरून शेडच्या दाराशी गेला होता. “मांडला की आप्पा. आईनं सगळी हत्यारं मागितली, मी धुऊन दिली.”

उद्या खंडेनवमी होती. आईने पाटावर लाल कापड घालून पाने, हातोडे, कानशी, मायक्रोमीटर, सगळं ओळीने मांडलं होतं आणि शेजारी कलश ठेवला होता. ती दारातूनच म्हणाली, “आता उचलायचं न्हाई हं. मांडलेलं हत्यार उचलत्यात व्हय?”

“एक पाना गं. दोन मिंटं.”

“दोन मिंटाचंच काम हाय तर परवा करा. तीन वर्षं थांबलाय, देवीला दोन दिस थांबा.”

आप्पांनी वाद घातला नाही. खंडेनवमीला मांडलेल्या हत्याराला दसऱ्याची पूजा उचलेपर्यंत हात लावायचा नाही, हे त्यांनी कारखान्यातही पाळलं होतं. एकदा मालक स्वतः सांगायला आला, तरीही. त्यांनी खिशातून खडू काढून जोडावर आडवी जाड रेघ ओढली. गाडीच्या खाली, गिअरबॉक्सपाशी, अशाच दोन रेघा आधीच होत्या.

“लिव,” ते मला म्हणाले.

मी लिहिलं. वेळ सहा वीस.

नवमीला सकाळी आईने मला बादली आणि ओलं फडकं दिलं. “गाडी पुसून घे. हळदकुंकू वाहायचंय, धुळीवर वाहू काय?” मी टोळ पुसला. बॉनेट, दिवे, दारं, चाकांच्या कमानी, आतून-बाहेरून. मला काम अर्धं करता येत नाही. ओठंगून ठेवलेलं चाकही पुसलं. आप्पांनी हाताने वाकवलेल्या तांब्याच्या नळ्यांना चमक येईपर्यंत फडकं मारलं. मग आई ताट घेऊन आली आणि आम्ही दोघींनी बॉनेटला, स्टिअरिंगला, चारी बाजूंना हळदकुंकवाची बोटं ओढली, झेंडूची माळ घातली. माझी वही आणि पेनही पाटावर गेलं. आमच्याकडे शाळेपासूनची पद्धत. वही-पुस्तकं हत्यारांबरोबर पूजेला, आणि उघडायची ती दसऱ्याला सोनं लुटून झाल्यावर.

दसऱ्याला पहाटे पाचलाच आप्पांनी पूजा उचलली. पहिला पाना गाडीखाली नेला आणि गिअरबॉक्सचे दोन जोड आवळले. तिथल्या रेघा त्यांनी अंगठ्याने पुसल्या, हे मी स्वतः पाहिलं. मग बाहेर येऊन कपडे झटकत नंदूला म्हणाले, “बॅटरी घे. फेरी मार.”

नंदूने बॅटरी घेऊन चारी बाजू पाहिल्या, चाक काढलेल्या डाव्या बाजूला गुडघे टेकून पाहिलं, खाली सरपटून पाहिलं. “रेघ न्हाई आप्पा. कुठंच न्हाई.”

“नीट बघितलं?”

“हळदकुंकू हाय सगळीकडं. रेघ न्हाई.”

“मग चाक चढव.”

चाक चढलं. आप्पांनी पेडल दाबून पाहिलं. कडक होतं. आईने इरकल नेसलं होतं आणि केसांत अबोली माळली होती. दार उघडून ती आत बसली आणि म्हणाली, “ह्यात पदर कुठं ठेवायचा? वर टप न्हाई, उडून जाईल.”

“खोच की. इनामदारांच्या वैनीसाहेब काय करत होत्या?”

“त्यांच्याकडं दोन बायका होत्या पदर धरायला.”

गल्ली बाहेर आली होती. शेजारचे मिरजकर काका आप्पांना म्हणाले, “सर्जेराव, परत येताना ढकलायला माणसं लागली तर सांगा, आम्ही घरीच हाय.” आप्पांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. मिरजकर काकांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

वर जाताना काही झालं नाही. देवळात नारळ फोडला, आईने प्रसादाचं ताट घेतलं. खाली येताना दुसऱ्या वळणाच्या आधी टोळाच्या मागच्या दिव्यांची लाल उघडझाप सुरू झाली. दिवा लागत होता, पण वेग कमी होत नव्हता. नंदू ओरडला, “आप्पा ब्रेक मारालेत, गाडी थांबंना!” जुनी गाडी. चारी चाकांना एकच नळी. एका जोडातून तेल गेलं की चारी चाकं गेली.

पुढचं सगळं आठ-दहा सेकंदांत झालं. गाडी उघडी होती, म्हणून मला आप्पांचे हात दिसत होते. डावा हात गिअरवर गेला, तिसऱ्यातून दुसऱ्यात, मग पहिल्यात. इंजिन किंचाळलं. तोच हात हँडब्रेकवर आला. त्यांनी तो एकदम ओढला नाही. ओढला, सोडला, ओढला, सोडला. उजव्या हातात स्टिअरिंग होतं. समोरून उसाचा एक रिकामा ट्रक वर येत होता. त्याच्या पुढ्यातून आप्पांनी गाडी डावीकडे घेतली, बांधावरून नेली आणि उभ्या उसात घातली. तीन-चार सऱ्या आडव्या करून टोळ थांबला.

आम्ही धावत पोचलो तेव्हा आई उसाच्या पाल्यात बसल्यासारखी सीटवर बसली होती. मांडीवरचं ताट गायब होतं.

“प्रसाद सांडला बघा,” ती म्हणाली. मग तिने डावा हात उचलायचा प्रयत्न केला आणि तो मनगटाच्या वर वाकडा झालेला आम्हाला दिसला. बांगड्या फुटल्या होत्या. “नंदू, आधी त्यांच्याकडं बघ. ते बोलंनात.”

आप्पांना खरचटलंही नव्हतं. ते उतरून पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले होते. चाकाच्या मागून हात घालून त्यांनी तो जोड चाचपला. तेलाने बोटं माखली. मग दोन बोटांनी जोड फिरवला. फिरला.

“बोटानं फिरतंय,” ते म्हणाले.

“आप्पा, रेघ नव्हती,” नंदू म्हणाला. “मी बघितलं. आईची शपथ, रेघ नव्हती.”

“व्हय. नव्हती.” ते उठले नाहीत. “रेघ मी मारली. म्हंजे पुसली बी मीच असणार. खालच्या दोन पुसल्या, त्याच हातानं ही पुसली. आन् पाना लावला न्हाई.” त्यांनी उजवा अंगठा डोळ्यांसमोर धरला. तेल, कुंकू आणि माती. तो हात आता थरथरत होता. “कारखान्यानं मला बरोबर वळखलं होतं.”

“असं कसं म्हणताय! ट्रकाला चुकवून—”

“नंदू, गप. रिक्षा बघ तिच्यासाठी.”

दवाखान्यात आईच्या हाताला प्लास्टर घातलं. दुपारी दोनला घरी आलो. गल्लीतल्या बायका आल्या, मिरजकर काका आले, काहीही चेष्टा न करता बसले आणि गेले. आप्पा सोप्यात खुर्चीवर होते. आईचे केस सुटले होते आणि तिला एका हाताने अंबाडा घालता येत नव्हता. आप्पा उठून तिच्या मागे बसले. त्यांनी फणी मागितली.

मला चार वाजता निघायचं होतं. दसरा चौकातल्या सोहळ्याची बातमी माझ्याकडे होती. पेन पूजेच्या पाटावर होतं म्हणून शेडमध्ये गेले. पेनाखाली वही होती. सोनं लुटायला अजून दोन तास होते, तरी मी ती उघडली. घटनेच्या नोंदी बघायची सवय होती, एवढंच.

शेवटच्या लिहिलेल्या पानावर दोन नोंदी होत्या. वरची : “अष्टमी, सायं. ६.२०. डावा पुढचा जोड, नवी चकती. हाताने. रेघ मारली (आप्पा). पाना बाकी.” तिच्याखाली, बोटभर जागा सोडून, पूजेत वही ठेवण्याआधी मी स्वतः लिहिलेलं : “नवमी, स. ८.४०. गाडी आतून-बाहेरून पूर्ण पुसली. मी.”

खालची ओळ लिहिताना मी वरची वाचली नव्हती. त्या नळीच्या जोडावर काहीतरी पांढरं लागलं होतं, ते मला आठवलं. सहज निघालं नाही म्हणून मी फडकं पुन्हा भिजवलं होतं, हेही. आणि पुसल्यावर त्याच जागी हळदकुंकवाचं बोट मीच ओढलं होतं.

मी वही आणि पेन पिशवीत घातलं. सोप्यातून जाताना आप्पा आईच्या केसांचा गुंता सोडवत होते. आई म्हणत होती, “ओढू नका वो. कानस न्हाई ती, फणी हाय.” आप्पांनी मला पाहिलं. “हेमा, निघालीस?” मी हो म्हटलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी वाक्यांचीच नोकरी करत होते. मी चपला घातल्या आणि गेले. बातमी आठ वाजता दिली. तिच्यात एकही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी सांगेन असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी मायक्रोमीटरची डबी नंदूला देऊन टाकली. आतला कागद तसाच होता. आठवड्याने लेथ उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या माणसाने नेला. ऊसवाल्याने बैल लावून टोळ बाहेर काढून दिला, तो शेडमध्ये ताडपत्रीखाली गेला. आईचा हात जुळला, पण सरळ झाला नाही. मागे वळत नसे. पुढची सव्वीस वर्षं, ती जाईपर्यंत, आप्पा रोज सकाळी तिचे केस विंचरत आणि अंबाडा घालत. पहिल्या वर्षानंतर त्यांचा अंबाडा गल्लीतल्या कोणत्याही बाईपेक्षा घट्ट बसे. त्या हाताने त्यांनी पुन्हा पाना मात्र धरला नाही.

मी पुण्याला बदली घेतली. वही माझ्याबरोबर आली. या काळात मी किती दुरुस्त्या छापल्या याची मोजदाद नाही. नाव चुकलं, आकडा चुकला, फोटोखालची ओळ चुकली. पान दोनच्या खालच्या कोपऱ्यात छोटी चौकट असते. ती मी कधी टाळली नाही.

मागच्या महिन्यात नंदूचा फोन आला. तो आता त्रेपन्न वर्षांचा आहे, आप्पा अठ्ठ्याऐंशीचे.

“अक्का, टोळाची ताडपत्री काढली.”

“कोणी?”

“मी. आप्पा खुर्ची टाकून बसत्यात शेडमध्ये. बोलत काय न्हाईत. मी काढतोय, ते बघत्यात. काल पहिल्यांदा बोलले.”

“काय?”

“म्हणाले, हेमाकडं वही असंल. मागव. त्याशिवाय ब्रेकला हात लावायचा न्हाई.” मग त्याने विचारलं, “हाय का गं अजून?”

“आहे.”

“मग पाठव की.”

मी वही काढली. शेवटचं पान शिलाईपासून सुटत आलं होतं. हलकं ओढलं असतं तर निघालं असतं आणि कुणाला कळलं नसतं. मी ते आतल्या बाजूने डिंकाने चिकटवलं आणि वही तशीच कुरिअरला दिली. सोबत चिठ्ठी लिहिली नाही. सगळं वहीत लिहिलेलं होतं, वेळेसकट.

पोचल्याची नोंद सोमवारची आहे, सकाळी अकरा बावन्न. घेणाऱ्याची सही आप्पांची आहे. मंगळवारी फोन आला नाही, बुधवारीही नाही. मीही केला नाही.

आज, गुरुवारी, संध्याकाळी सव्वासहाला नंदूच्या नंबरावरून एक फोटो आला. टोळाची पुढची डावी बाजू, चाक काढलेलं. नवी तांब्याची नळी, नवा जोड. जोडावर खडूची आडवी रेघ आहे. ती सरळ नाही, तीन ठिकाणी थरथरली आहे. जोडाच्या खाली, जमिनीवर, पाना ठेवलेला आहे. बाजूला आप्पांची खुर्ची दिसते. ती रिकामी आहे, फक्त वही तिच्यावर उघडी ठेवली आहे, शेवटच्या पानाशी.

फोटोखाली काही लिहिलेलं नाही. मी दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा घंटा पूर्ण वाजली.